बानाबाईचा पाय

फाल्गुनात आभाळ यायचं काही कारण होतं का? पण आलं. खळ्यावर ज्वारीची कणसं गुडघाभर पसरलेली, मधे रोवलेल्या तिवड्याभोवती चार बैल गरगर फिरत होते, अन् तेवढ्यात शेंद्रा गावाच्या अंगानं काळंभोर भरून आलं. काकासाहेब पाटलांनी वर बघितलं, एक शिवी आभाळाला हासडली अन् दुसरी बानाबाईला.

"ए बाने, तू अजून हितंच? इजा चमकू राहिल्या, डोळे फुटले का तुझे? हो घरी!"

बानाबाईनं कणसांची पाटी खाली ठेवली, पदर खोचला अन् मुकाट निघाली. बोलणार काय? ती पायाळू होती. आईच्या पोटातून डोक्याच्या आधी तिचे पाय बाहेर आलेले, अन् वीज पायाळूला हुडकत येती हे गावातल्या शेंबड्या पोराला बी ठाऊक होतं. भरल्या खळ्यावर अशी बाई कोण उभी करील? गडगडायला लागलं की तिनं आपल्या झोपडीत जाऊन दार ओढून बसायचं. लहानपणापासून हेच चाललं होतं.

एरवी मात्र गावाचं तिच्यावाचून अडायचं. कुणाच्या कमरंत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की माणूस येऊन तिच्या झोपडीपुढं पालथं पडायचं. तिनं उपाशीपोटी, तोंडानं एक शब्द न काढता, उजव्या पायाची टाच दुखऱ्या जागी तीनदा ठेवायची अन् जरा भार द्यायचा. पैसा घ्यायचा नाही, नाहीतर गुण जातो. उंबऱ्यावर मूठभर दाणे ठेवून माणूस चालता व्हायचा. पाटलाघरची मोठमोठी धेंडं ह्या मेंढरंवाल्याच्या बायकोची टाच पाठीवर घ्यायची, अन् उठली की पुन्हा तिला 'बाने' म्हणायची.

जाता जाता तिनं नवऱ्याकडं बघितलं. सोनाजी बैलांच्या मागं चालत होता. बापाची साठ मेंढरं होती, त्याच्याकडं बारा उरली होती, म्हणून वर्षाचे आठ महिने तो पाटलाच्या कामावर. गडी तसा काटक, पण आज एक हात बेंबीवर दाबून धरलेला अन् तोंड कडू झालेलं. सकाळी भाकरीला सुद्धा हात लावला नव्हता.

"अवो, काय होतंय?"

"काय नाय. मोडशी झाली आसंल. जा तू, मालक बोंबलू राहिला."

ती गेली. दिवसभर आभाळ नुसतं गुरगुरलं, चार थेंब पडले अन् धूळ विझली तेवढंच. ती अंधारात गुडघ्यात मान घालून बसली. इकडं कणसं भिजायच्या आत मळणी उरकायची म्हणून पाटलानं माणसांचा पिट्ट्या पाडला. सोनाजी दोनदा बांधाआड जाऊन ओकला. पाटलाचा पोरगा बद्रीनाथ तिथंच उभा होता. वीस-बावीसचा, नुकतंच लग्न झालेला, अंगात रग. तो हसून म्हणाला, "सोन्या, काय रं, कितवा महिना?" सगळं खळं हसलं. मग त्यानं मुद्दामच सोनाजीच्या पाठीवर भरलेली पोती दिली. अकरा पोती सोनाजीनं वाड्यात नेऊन टाकली. हे सगळं बानाबाईला सांगितलं दीर मुंजाबानं, सांजच्याला, सोनाजीला धरून आणलं तेव्हा.

ओवा दिला, सोडा दिला. काही टिकलं नाही. रात्रभर तो कुशी बदलत राहिला.

सकाळी दुखणं हललं होतं. "काल बेंबीपाशी व्हतं," सोनाजी म्हणाला, "आता हितं उतरलं बघ." त्यानं उजव्या जांघेच्या वर, एका बोटानं जागा दाखवली. उजवा गुडघा पोटाशी घेऊन पडलेला; पाय सरळ कर म्हटलं की कळवळायचा. नुसतं खोकला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. अंग कढत होतं, जिभेवर पांढरा थर आलेला.

दिवस कासराभर वर आला तसे काकासाहेब दारात हजर. मागं बद्रीनाथ.

"सोनाजी! आरं, आभाळ बघ. निम्मं खळं बाकी हाये अन् तू लोळू राहिला?"

"मालक, उठवंना. पोटात..."

"पोटात बिटात काय नाय. साळूबाईनं एरंडेल दिलंय, घे. घोटभर घेतलं की सगळं साफ." पाटलानं वाटी पुढं केली. पाटलिणीनं पाठवलेली वाटी नाही कशी म्हणणार? सोनाजीनं नाक दाबून ती घशाखाली घातली.

बद्रीनाथ वाकून बघत बापाला म्हणाला, "दादा, ही मोडशी न्हवं. काल पोती उचलली ना, उसण भरली. उसण पोटात उतरती कधी कधी."

"व्हय की! मग घरात पायाळू बसवलीय ती काय पूजेला? बाने, दे पाय!"

बानाबाई दचकली. पोटावर तिनं कधी पाय दिला नव्हता. उसण पाठीची, कमरेची. अन् त्याहून वंगाळ म्हणजे हा तिचा नवरा! बायकोनं नवऱ्याच्या अंगाला पाय लावायचा? नरकात तरी जागा मिळंल का?

"मालक, पोटावर कसा देऊ? अन् ह्यांच्या अंगाला?"

"आता सोवळं आठवलं का? गावाला देती, धन्याला देता येईना?"

सोनाजीच म्हणाला, "दे बाने. मला सहन होईना."

मग तिनं आधी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. क्षमा मागितली. तो उताणा झाला, अन् तिनं भिंतीला धरून उजवी टाच त्यानं दाखवलेल्या जागी ठेवली. पोट पाटासारखं टणक लागलं. तिच्या टाचेला पाठी माहीत होत्या, कंबरा माहीत होत्या, पण असं टणक मांस तिनं कधी दाबलं नव्हतं. तिनं भार दिला. सोनाजीनं दात खाल्ले. तिनं पाय उचलला अन् तो ओरडला. दाबताना ओरडला नाही एवढा उचलताना ओरडला. हे असं का, म्हणून ती थबकली.

"थांबू नको, तीन झाले पाह्यजेत," पाटील म्हणाले.

दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

तासभर तो घामानं डबडबून पडला होता. अन् मग काय झालं कुणास ठाऊक, दुखायचं थांबलं. एकदम. सोनाजी हळूच उठून बसला, पोटावरनं हात फिरवला, अन् लहान पोरावाणी हसला.

"गेलं गं! पार गेलं!"

बानाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोला, तिला लई अभिमान वाटला. गावाच्या पाठी बऱ्या करून कधी वाटला नव्हता एवढा. तिनं त्याला गुळाचा चहा दिला. पाटील खूश होऊन म्हणाले, "हाये बाबा, बानाबाईच्या पायात गुण हाये!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'बानाबाई' आलं. सोनाजी खळ्यावर गेला अन् दुपार टळेपर्यंत त्यानं बैल हाकले. खळ्यावर जो तो बानाबाईच्या पायाचीच गोष्ट करत होता.

सांजच्याला त्याला हुडहुडी भरली. घोंगडी टाकली, दुसरी टाकली, तरी दात वाजायचे थांबेनात. रात्री उचकी लागली. झुंजुमुंजू झालं तेव्हा पोट डफासारखं फुगलेलं, डोळे खोल गेलेले, नाक धारदार दिसायला लागलं, अन् ओकारीतून हिरवं पाणी यायला लागलं. बानाबाई अनवाणी पाटलाच्या वाड्याकडं पळाली.

वाड्यापुढं बैलगाडी उभी होती. पोती लादू राहिले होते. आभाळ अजून डोक्यावर तसंच.

"मालक, गाडी द्या. औरंगाबादेला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतंय. पाया पडते."

"आत्ता गाडी? डोळ्यानं दिसतंय ना तुला? खळ्यावरचं वाड्यात आल्याबिगर चाक हलणार नाय. सांच्याला बघू."

साळूबाई पाटलीण ओसरीवरून म्हणाली, "अगं, काल पायानंच बरा झाला ना? मग पुन्हा दे की. एवढी काय घाबरती?"

अन् बानाबाईनं, काय करावं मूर्ख बाईनं, घरी येऊन पुन्हा पाय दिला. फुगलेल्या त्या पोटावर, तीनदा. आता सोनाजी ओरडला सुद्धा नाही. नुसता तिच्याकडं बघत राहिला, अन् मधेच उचकी देत राहिला.

मग मुंजाबा म्हणाला, "वहिनी, बस झालं." दोघांनी बाज उचलली. मुंजाबा पुढं, ती मागं. जालन्याच्या रस्त्यापर्यंत कोसभर ढेकळांतून वाट. दर ढेकळाला बाज हिंदकळायची अन् सोनाजीच्या तोंडून बारीक आवाज यायचा. तिच्या तळहाताची सालटी निघाली. रस्त्यावर एक येष्टी थांबली. कंडक्टरनं त्याच्या अंगावरची ओकारी बघितली अन् घंटी मारली. दुसरी येष्टी थांबलीच नाही. दुपारच्याला विटांचा एक ट्रक आला, त्याच्या सरदारजी डायवरला दया आली. विटांवर बाज ठेवून ते निघाले. चिकलठाणा गाव मागं पडलं तसं सोनाजी पाणी मागायला लागला. पाणी पाजलं की तेवढंच बाहेर पडायचं.

दवाखान्यात एका खाटेवर दोन-दोन माणसं. कंपाउंडरनं सोनाजीची नाडी धरली अन् कपाळाला आठ्या घातल्या.

"कायकू इत्ता लेट लाए अम्मा? ये तो ठंडा पडरा."

डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा, झोप न झालेला. त्यानं सोनाजीच्या पोटावर चार बोटं ठेवली, हळू दाबली, अन् झटकन उचलली. सोनाजीचं सगळं अंग आखडलं. बानाबाईनं ते बघितलं. दाबताना नाही, उचलताना. मग डॉक्टरनं धारेवर धरल्यासारखी उलटतपासणी सुरू केली. आधी कुठं दुखलं? मग कुठं सरकलं? ताप कधी? जुलाबाचं काही दिलं का?

"एरंडेल दिलं, सायेब."

डॉक्टरनं मान हलवली. "अन् ह्या पोटावर हे काळंनिळं कशाचं? कुणी तुडवलं याला?"

मुंजाबानं खाली बघितलं. बानाबाई म्हणाली, "म्या."

"तू?"

"म्या पायाळू हाये सायेब. उसण भरली म्हून पाय दिला. लगीच बरं वाटलं त्यास्नी. कामावर बी गेले."

डॉक्टर तिच्याकडं बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं आपली करंगळी तिच्यापुढं धरली, शाळेत शिकवतात तसं.

"हे बघ. आतड्याला एवढीशी एक शेपटी असते. अपेंडिक्स म्हणतात. आंधळी, आत गेलेलं बाहेर यायला एकच तोंड. ते तोंड कधी मळाच्या खड्यानं बुजतं, कधी सुजेनं बुजतं. मग आत घाण साचते, शेपटी फुगते, सडते. आधी बेंबीपाशी दुखतं, अन्नावरची वासना जाते, उलटी होते. मग दुखणं उजवीकडं खाली उतरतं. त्या दिवशी आणला असतास तर कापून टाकली असती अन् पंधरवड्यानं हा कामावर गेला असता. जुलाब द्यायचा नसतो, दाबायचं तर नसतंच. ती फुटली. फुटली की आतला ताण जातो, म्हणून माणसाला वाटतं दुखणं गेलं. ते बरं होणं नव्हतं, बाई. तेव्हाच सगळा पू पोटात सांडला."

"म्हंजे माझ्या पायानं..."

"तुझ्या पायानंच फुटली असं मी म्हणत नाही. ती फुटायलाच आली होती," डॉक्टर म्हणाला. मग त्याला पुढचं बोलायची गरज नव्हती, पण थकलेला माणूस, बोलून गेला. "पण फुटल्यावर पुन्हा तुडवलंस, ते कशाला?"

पोट उघडलं. कंपाउंडर सांगत होता, बादलीभर पू निघाला. सोनाजी तीन दिवस जगला. पोटात रबराची नळी घातलेली, तिच्यातून वास यायचा, शेजारच्या खाटेवरची माणसं तोंड फिरवून बसायची. मधेच शुद्धीवर आला की तो बानाबाईला म्हणायचा, "बाने, पाय दे गं एकदा. त्या दिशी कसं एकदम थांबलं व्हतं." ती तोंडात पदर कोंबायची. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला. पाटलाची ज्वारी तोवर वाड्यात पोचली होती, अन् पाऊस काही पडला नाही.

आता गावानं काय म्हणावं? बाराव्याला काकासाहेब आले, ओट्यावर टेकले अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "बाईच्या पायानं तर गडी उठवला व्हता. म्या सवता बघितला, बैल हाकत होता. औरंगाबादेच्या डाक्तरनं पोट फाडलं अन् मारला. नेलाच नसता तर आज दिसता."

"नाय मालक," बानाबाई आतून म्हणाली, "आतडं फुटलं व्हतं. डाक्तरनं सांगितलं. म्याच..."

"दुखानं डोकं फिरलंय तिचं," पाटील म्हणाले, अन् बायकांनी माना डोलावल्या.

असा तो पाय दुप्पट मोठा झाला. मरणाच्या दारातून माणूस परत आणणारा पाय! लांबलांबची माणसं यायला लागली. ती दार लावून घ्यायची. दारापुढं दाण्यांच्या मुठी पडून राहायच्या अन् चिमण्या खायच्या. बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, "लई माजली. नवरा गेला तरी तोरा बघा." तिनं सांगून बघितलं. बेंबीपाशी दुखून उजवीकडं उतरलं तर एरंडेल देऊ नका, चोळू नका, औरंगाबाद गाठा. चार जणींना सांगितलं, चौघी हसल्या. पायाळू बाईनं डाक्तरकी सांगावी, हे कुणाला पटायचं? पाटलानं कामावर बोलावणं बंद केलं नाही, एवढंच. मेंढरं बारा होती ती सात झाली. ती बाजरी खुडायला जायची, आभाळ गडगडलं की हाकलली जायची.

दिवाळी होऊन गेली होती. कापसाच्या वेचणीचे दिवस. दुपारच्याला ती चुलीपुढं भाकरी थापत होती तर दाराशी बैलगाडी थांबली. बैल पाटलाचे. गाडीत गवताच्या बिछान्यावर बद्रीनाथ पडलेला, अन् त्याचं डोकं साळूबाईच्या मांडीवर.

"बानाबाई!" काकासाहेब उतरले. अंगरख्याची बटणं उलटसुलट लागलेली. "पोराला कालपासून उसण भरलीय. पाय दे, माय."

'माय' म्हणाले. बानाबाई पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली. बद्रीनाथचा उजवा गुडघा पोटाशी घेतलेला होता. ओठ कोरडे, अंगावर घाम. तिला काही विचारायची गरज नव्हती, तरी तिनं विचारलं.

"आधी कुठं दुखलं, बाबा?"

"बेंबीपाशी. मग हितं आलं." त्यानं एका बोटानं जागा दाखवली.

"जेवलास?"

"नाय. ओकलो."

"खोकून बघ." तो खोकला अन् आई गं म्हणून कळवळला.

"अजून फुटलं नाय," बानाबाई म्हणाली. "मालक, ही उसण न्हवं. सोनाजीला जे झालं तेच हाये. आत्ताच्या आत्ता औरंगाबादेला न्या. तुमची गाडी हाये, दिवस बुडायच्या आत पोचतान. डाक्तर कापून काढतो. पोरगं वाचंल. एरंडेल पाजलं नाय ना?"

"डाक्तरच्या हातात देऊ? सोनाजीवाणी फाडायला?" काकासाहेबांचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. "बानाबाई, त्या दिशी म्या गाडी दिली नाय. मला म्हाईत हाये तुझ्या मनात काय हाये ते. पण ह्यात पोराचा काय गुन्हा? एकुलता एक हाये." अन् त्या माणसानं काय करावं? डोक्यावरचा पटका काढला अन् मेंढरंवालीच्या पायांवर ठेवला. गाडीमागून दहा-बारा माणसं आली होती, ती पुढं सरकली. असं गावात कुणी कधी बघितलं नव्हतं.

बानाबाई त्या पटक्याकडं बघत राहिली. तिच्या मनात काय आलं ते सांगायला नको, पण सांगतो. तिला वाटलं, देऊन टाकावा पाय. तीनदा. कितवा महिना म्हणून हसला होता ना हा? अकरा पोती घातली होती ना पाठीवर? ह्यांनीच तर आणलाय, हेच पाया पडू राहिले. तासाभरानं दुखणं थांबंल, पोरगं हसंल, हे मला साडी नेसवतील. उद्या मेलं तर म्हणतील देवानं नेलं. कुणी तिला बोल लावला नसता. सगळं गाव साक्षीला उभं होतं. तिची टाच जागच्या जागी हुळहुळली.

तेवढ्यात बद्रीनाथनं मान उचलली. "काकू, दे ना गं पाय. सहन होईना."

सोनाजी असंच म्हणाला होता. अगदी असंच.

"नाय देणार," ती ओरडली. "मरशील रं! दवाखान्यात जा!"

"सूड घेऊ राहिली रांड!" साळूबाईनं किंकाळी फोडली. "माझ्या लेकरावर सूड घेऊ राहिली! धरा तिला! उचला तिचा पाय अन् ठिवा!"

दोन गडी पुढं झाले. एकानं तिचा दंड धरला, दुसरा पायाशी वाकला. बानाबाईला कळलं की हे आता ऐकायचे नाहीत. तिचा पाय तिचा राहिला नव्हता.

"थांबा," ती म्हणाली. "सोडा. देते. पाय धुऊन येते, असा खरकटा चालत नाय."

त्यांनी सोडलं. ती आत गेली. चुलीत बाभळीचा निखारा रसरसलेला होता, तव्यावरची भाकरी करपून काळी झाली होती. डागलेल्या पायाचा गुण जातो, हे पायाळूच्या घरी पहिल्यांदा शिकवतात. तिची आई तिला चुलीपाशी अनवाणी फिरकू द्यायची नाही. बानाबाईनं तवा हातानं उलथला, खांबाला मिठी मारली, अन् उजवी टाच निखाऱ्यांवर ठेवून सगळा भार दिला. एकदा. ओरडायचं नाही म्हणून तिनं लाकडाचा चावा घेतला. दुसऱ्यांदा. मांस करपल्याचा वास बाहेरपर्यंत गेला. तिसऱ्यांदा तिला पाय उचलता आला नाही, ती तशीच बाजूला पडली.

माणसं आत धावली. काकासाहेबांनी तिची टाच बघितली. कातडी सोलून निघालेली, मधे कोळशाचा तुकडा चिकटलेला.

"आता नाय माझ्याकडं काही," ती धापा टाकत म्हणाली. "गेला गुण. आता तरी न्या, मालक. औरंगाबादेला न्या. पोरगं वाचंल."

काकासाहेब अंगणात गेले. वाकून त्यांनी तिथं पडलेला पटका उचलला, झटकला, डोक्याला गुंडाळला अन् ते परत आत आले.

"डाव साधलास, बाने," ते म्हणाले, अन् तिच्या तोंडावर थुंकले.

बाहेर कुणीतरी बोललं, "मालक, वरल्या वाडीला सांडू म्हातारा हाये ना. तो बी पायाळूच."

"लई गुणाचा," दुसरा म्हणाला. "अंगानं बी जड हाये. त्याचा भार चांगला पडतो."

बानाबाई हातांवर सरपटत उंबऱ्यापर्यंत आली. "मालक!" ती ओरडली. "पाया पडते मालक! वाडीला नका नेऊ! डाव्या हाताला घ्या, डाव्या हाताला!" झोपडीपुढं वाट फुटत होती. डावी जालन्याच्या रस्त्याला जाऊन औरंगाबादेला लागायची, उजवी टेकाडावरून वाडीला. कुणी मागं वळून बघितलं नाही. गड्यानं कासरा ओढला अन् बैल उजवीकडं वळले.

ती ओरडत राहिली, आवाज बसेपर्यंत. टेकाडाची वाट दगडाधोंड्याची, गचका बसला की बद्रीनाथ कळवळायचा, अन् साळूबाई गड्याला म्हणायची, "हळू रं, हळू घे, माझ्या लेकराला दुखू राहिलं." म्हणून गाडी अगदी सावकाश चालली होती, अन् उंबऱ्यात पडलेल्या बानाबाईला ती लई येळ दिसत राहिली.